ल्युसियनने माझा तडा शोधला

मी एक जुनी क्लॅरिनेट आहे, मित्रांनो. माझी विक्री होण्याआधी एका माणसाने माझ्या पोटात दिवा सोडून पाहिला, त्या शनिवारची ही हकिगत.

माझं लाकूड आफ्रिकेतलं, काळंभोर. पॅरिसजवळच्या एका कारखान्यात मला घडवलं आणि अंगावर भोकं झाकायच्या चांदीच्या चाव्या बसवल्या. आमच्यात दोघी बहिणी असतात. 'बी-फ्लॅट' ही आखूड, तिला सगळे ओळखतात. मी 'ए', पेरभर जास्त लांब आणि अर्धा सूर खाली. ऑर्केस्ट्रात आम्ही दोघी लागतो, पण माझी पाळी कमी येते. बाकीचा वेळ मी स्टँडवर उभी राहून ऐकते.

कॅनडातल्या विनिपेगच्या आगाथा फ्रीसन यांच्या हातात मी एकतीस वर्षं वाजले. मग त्यांची बोटं आखडली. मी कपाटात, लोकरीच्या स्वेटरांखाली गेले. तिथे सहा वर्षांत माझ्या सांध्यांवरचे बूच सुकले, चावीखालच्या एका गादीला कसर लागली. मला वाटलं, संपलं आपलं.

त्या शनिवारी दार वाजलं. मला विकत घ्यायला ओरिसिया हलुश्का आली होती. पन्नाशीची, पोस्टाची पत्रं वाटणारी, हौशी ऑर्केस्ट्रात वाजवणारी. तिच्याकडे फक्त बी-फ्लॅट होती. अकरा वर्षं ती माझ्यासाठी लिहिलेलं संगीत मनातल्या मनात अर्धा सूर उतरवून वाजवत होती. सगळ्यात खालचा सूर तर तिच्या क्लॅरिनेटमध्ये नव्हताच. तिथे ती नुसते गाल फुगवून बसायची! यंदा मात्र एकटीने वाजवायची जागा तिच्या वाट्याला आली होती, आणि तिथे गाल फुगवून भागणार नव्हतं. सोबत वाद्यं दुरुस्त करणारा ल्युसियन गोद्री होता.

"आधी केक घ्या," आगाथाबाई म्हणाल्या.

"नंतर. केक खाल्ला की मला सगळीच वाद्यं चांगली वाटतात," ल्युसियन म्हणाला.

त्याने माझे सांधे सुटे केले, हलवून पाहिले. बारीक दिवा आत सोडला. "दोन गाद्या बदलायच्या, बूच सगळे नवे," तो पुटपुटला. मग मला खिडकीच्या उजेडात तिरकं धरून थांबला.

"मिसेस फ्रीसन, इथे तडा आहे. वरून काळा रंग भरलाय."

ओरिसियाने कप खाली ठेवला. "फोनवर तर तुम्ही म्हणालात, साधा ओरखडासुद्धा नाही."

मला जीभ नाही, नाहीतर मीच बोलले असते. आता पुन्हा स्वेटरांखाली, असं मी मनाशी धरलं.

"खोटं बोलले गं," आगाथाबाई हळूच म्हणाल्या. "तेवीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलेय, तोंडाला सवयच लागलीय. माझ्या मैत्रिणीचं लग्न होतं, गोठलेल्या नदीवर, जानेवारीत. तिला हाच आवाज हवा होता. लाकडी वाद्य थंडीत नेऊ नये हे मला कळत नव्हतं का? तरी नेलं. अर्ध्यातच टक् झालं! ऑर्केस्ट्रात कळलं असतं तर मान वर काढता आली नसती."

"आणि नवरी?" ओरिसियाने विचारलं.

"तिला वाटलं, बर्फ फुटला. नवऱ्याला टाकून काठाकडे पळाली!"

ल्युसियन खो खो हसला. मग त्याने माझी सगळी भोकं बोटांनी बंद केली, खालचं तोंड तळव्याने दाबलं आणि जोरात हवा ओढली. मी श्वास धरून ठेवला. एक, दोन, तीन, चार... तड्यातून हवा आत आली नाही.

"कोणी बांधलाय हा तडा?"

"एका म्हाताऱ्या घड्याळजीने. गुपचूप."

"म्हणून इतकं नेटकं. तड्यावर आडव्या तीन पिना ठोकल्यात, पक्क्या. ओरिसिया, आता तू फुंक. पण तुझाच माउथपीस लाव, परक्या माउथपीसने फसशील."

ओरिसियाने थेट तो सगळ्यात खालचा सूर लावला. टेबलावरचे चमचे किणकिणले. ती थांबेचना.

"श्वास घे बाई," ल्युसियन म्हणाला.

मग मधल्या पट्टीत माझा एक सूर चढा निघाला.

"उजव्या हाताची तीन बोटं खाली टेकव," आगाथाबाई म्हणाल्या. टेकवली, आणि सूर जागेवर आला.

"घेते मी हिला," ओरिसिया म्हणाली. "पण तडा लपवल्याचा दंड भरावा लागेल. दर बुधवारी तालमीला यायचं आणि हिच्या सगळ्या खोड्या मला शिकवायच्या."

"येताना केक आणू का?"

"तो तर दुसरा दंड!"

मित्रांनो, जुनं वाद्य घेताना खुशाल उजेडात धरून पाहा, खोदून खोदून विचारा. आम्हाला राग येत नाही. देताना मात्र खरं सांगा. आणि घेतल्यावर कपाटात ठेवू नका. तडा बांधता येतो, मुकेपणाला पिना नाहीत.

निघताना आगाथाबाईंनी मला एकदा मागून घेतलं. माझी भोकं त्यांच्या बोटांनी झाकेनात. तेव्हा ओरिसिया त्यांच्या मागे उभी राहिली, दोन्ही बाजूंनी हात पुढे घेऊन तिने सगळी भोकं झाकली.

"आता फुंका," ती म्हणाली.

त्यांनी फुंकलं. मी वाजले.