डिंकाने फुगलेलं पान

मी शिक्क्यांची वही बोलतेय. क्योतोतल्या देवळात गेलं की आधी हात जोडायचे, मग माझं पान उघडून पुढे करायचं. देवळातलं माणूस कुंचल्याने देवाचं नाव आणि तारीख लिहितं, वर लाल शिक्का मारतं. आधी दर्शन, मग शिक्का. मला जन्मापासून एवढा एकच नियम ठाऊक.

माझा कागद म्हणजे एकच लांब पट्टी, पंख्यासारख्या घड्या घातलेली. वरचं रेशमी कापड चिकागेच्या आईच्या किमोनोवरच्या जुन्या कमरपट्ट्याचं. चिकागे माझी मालकीण.

तिचं बाळ दोनदा पोटातच गेलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नका म्हणून बजावलं. पण ती पाच देवळांना नवस बोलून बसली होती. दर महिन्याला एक, तेही पायी.

"तात्सुरो, माझ्याऐवजी तू जाशील?" तिने नवऱ्याला विचारलं. "बसने नाही हं. चालत."

"अगं, माझे पाय ते तुझेच पाय. फक्त तुझ्यासारखे थंडगार नाहीत."

ती हसली. मलाही तो फार आवडला.

पहिली दोन देवळं त्याने खरंच केली. भाड्याचे किमोनो घालून फोटो काढणाऱ्या गर्दीतून वाट काढली, अर्धा तास रांगेत उभा राहिला. त्याच्या घामाचा एक थेंब माझ्या कोपऱ्यावर पडला. तो डाग अजून आहे. त्या डागाचा मला अभिमान वाटायचा.

जूनमध्ये मात्र आम्ही स्टेशनजवळच थांबलो. पिशवीत मला लोखंडी गोळ्यांचा खणखणाट ऐकू आला. पाचिंकोचा हॉल, गोळ्या उडवून खेळायच्या जुगाराचा. दमला असेल, मला वाटलं, जाईल थोड्या वेळाने. कागदाची अक्कल ती केवढी! संध्याकाळी त्याने पाकिटातून त्या तिसऱ्या देवळाचा आयता लिहिलेला, शिक्का मारलेला कागद काढला. फोनवरून कुणाकडून तरी मागवलेला. तारीख स्वतः घातली आणि बाकड्यावर बसून तो माझ्यावर चिकटवला. डिंक जरा जास्तच झाला. पान फुगलं.

घरी चिकागे वाटच पाहत होती. "कसं होतं रे वर?"

"पायऱ्या म्हणजे नुसतं शेवाळ! दोनदा घसरलो. वर एक आजी भेटल्या. म्हणाल्या, बाळ धट्टंकट्टं होणार."

तिने मला उचलून पोटावर ठेवलं. "ऐकलंस का रे बाळा?" आतून एक लाथ बसली. ज्याच्याशी मी खोटं बोलत होते, तोच जीव आतून माझ्याशी खेळत होता. मला तोंड असतं तर… असतं तरी बोलले असते का, कुणास ठाऊक.

पुढचे दोन महिनेही तसेच गेले.

मुलगी झाली, कोहारु. धट्टीकट्टी. थंडी सुरू झाल्यावर चिकागे तिला छातीशी बांधून आभार मानायला निघाली. तात्सुरो कामावर होता. तिसऱ्या देवळात भटजींची बायको शिक्के देते. तिने माझं फुगलेलं पान पाहिलं, त्यावरून बोट फिरवलं.

"तुमचे यजमान फारच चपळ दिसतात हो," ती गोड हसून म्हणाली. "जूनमध्ये आमच्या पायऱ्या खचल्या होत्या. महिनाभर दार बंद. आम्हालासुद्धा मागच्या वाटेने यावं लागायचं. ते मात्र बरोबर पोचले!"

"हो," चिकागे म्हणाली. "चपळच आहेत." उतरताना तिने प्रत्येक पायरी मोजली.

संध्याकाळी तिने सहज विचारावं तसं विचारलं, "ते शेवाळाचं देऊळ, पायऱ्या किती होत्या रे तिथे?"

"विचारूच नकोस. दीडशे तरी असतील!" त्याने कोहारुला उचललं. "बाबाने किती पाय झिजवले बघ तुझ्यासाठी!"

बासष्ट होत्या.

तेव्हापासून कोहारु नुसती शिंकली तरी चिकागे माझ्याकडे बघते. नवस पोचलाच नाही, मग हे सुख कुणाच्या भरवशावर, असं तिला वाटत असावं.

एकदा तिने ते पान फाडायला घेतलं. पण मी एकसंध पट्टी. ते फाडलं असतं, तर पहिले दोन खरे शिक्केही सुटले असते. मग तिने मला उलटं केलं. माझी पाठ कोरीच होती.

"कुठे निघालीस?" रविवारी त्याने विचारलं.

"बाळाला जरा फिरवून आणते."

आता तीही खरं सांगत नाही.

ती त्या तिसऱ्या देवळात चालत गेली. आधी हात जोडले, बराच वेळ. मग भटजींच्या बायकोपुढे मला ठेवलं, बरोबर त्या फुगलेल्या पानाची पाठ वर करून. कुंचला छान चालला होता. मध्येच उंचवट्याला अडला आणि रेघ फाटली.

"अरेरे! वेगळ्या कागदावर लिहून देऊ का?"

"नको," चिकागे म्हणाली. "असू दे."

तात्सुरो पाहुण्यांना मला अजून पुढूनच दाखवतो, पायऱ्यांची गोष्ट सांगतो. चिकागे चहा ओतत राहते. तुम्ही कधी आलात, तर मला वाचू नका. नुसता पानांवरून हात फिरवा.