पाठ टेकण्यापुरतं

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे, पण झिजलेलं नाही. झिजायला रोज हात लावणारं माणूस लागतं. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नवं यंत्र आलं, तसं मला ट्रकमध्ये घालून राजूर घाटातून वर बुलढाण्याला आणलं. मला चालवणाऱ्या योगिनी मॅडम इथं महिन्यातून एकदाच येतात. बाकीचे दिवस अंगावर चादर आणि दाराला कुलूप. शेजारच्या सोनोग्राफीच्या खोलीपुढे रांग असते. तिचा गलबला ऐकला की मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

माझं काम तसं नाजूक. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी मी पोटाच्या आत एका ठिपक्यावर गोळा करतो. तिथं इतकी उष्णता होते की गाठीचा तेवढाच भाग जळतो. कापाकापी नाही, टाके नाहीत. कुठं मारा करायचा ते पडद्यावरच्या चित्रात दिसतं. पण आतड्यात वायू असला की चित्रच दिसत नाही आणि माझा इलाज खुंटतो. म्हणून रोग्यानं तीन दिवस आधीपासून नुसती भाताची पेज घ्यायची असते.

धामणगाव बढ्याचे नारायणराव भाजीपाला पिकवायचे. त्यांच्या स्वादुपिंडातली कॅन्सरची गाठ रक्तवाहिन्यांना धरून बसली होती, त्यामुळे शस्त्रक्रिया होत नव्हती. पाठ टेकली की कळ उठायची. दोन महिने ते मांडीवर उशी घेऊन बसल्या बसल्याच डुलक्या घेत होते.

"आजार बरा होणार नाही, पण दुखणं कमी होऊ शकेल," मॅडमनी सांगितलं.

"मले आडवं झोपता आलं तरी लय झालं," ते म्हणाले.

ठरल्या दिवशी पडद्यावर सगळं धुरकट. मॅडमनी विचारलं, तेव्हा त्यांच्या पत्नी पुष्पाबाई रडवेल्या झाल्या.

"काल याही आले होते, पोरीचे सासरे. त्यायच्यासंगं ताटावर बसा लागलं. वांग्याची भाजी, वरून दूध. नाही खाल्लं असतं त त्यायनं विचारलं असतं, काऊन म्हणून."

लेकीच्या सासरी कॅन्सरचं नाव कळू नये, उद्या लोक तिच्याकडे बोट दाखवतील, ही त्यांची भीती. मला राग आला. पण नारायणरावांना खुर्चीतच डुलकी लागलेली पाहिली आणि राग कुठल्या कुठं गेला. पुढची तारीख महिन्यानंतरची मिळाली. तो महिना मी कुलपात काढला, त्यांनी बसून.

पुढच्या खेपेला सोबत व्याही भाऊरावच आले. नारायणराव खंगलेले पाहून त्यांनीच खोदून विचारलं होतं.

"म्याही तीन दिवस यायच्यासंगं पेजच पेलो," ते मॅडमना म्हणाले. मग नारायणरावांकडे वळले. "एक शबुद बोलले असते, त तवाच पेलो असतो."

नारायणराव नुसते मान खाली घालून हसले.

गुंगीचं इंजेक्शन दिलं, लहरी आत पोचाव्यात म्हणून पाण्याची पिशवी पोटावर टेकवली आणि चित्र लख्ख दिसलं. मी ठिपका ठिपका जाळत गेलो. इतका आनंद मला आजवर झाला नव्हता.

महिन्यानं पुष्पाबाई एकट्याच आल्या. कपाळ मोकळं होतं.

"सोळा दिवस आडवे झोपले, मॅडम. पाठ टेकून, अगदी घोरत." मग त्या म्हणाल्या, "तो पहिला महिना वाया गेला नसता त..."

मॅडमनी त्यांचा हात धरला. मग चादर माझ्यावर पडली.

मित्रांनो, घरात कुणाला असा आजार झाला तर त्याचं नाव लपवू नका. लपवण्यात जे दिवस जातात, ते दुखणाऱ्याचे जातात. त्या महिन्याचे तीसही दिवस मी इथंच होतो, रिकामा.