मॅकनगरची मशक

शिरूर आणि दौंडच्या मधे, नदीकाठी, मॅकनगर उभं राहिलं ते बॅटरीच्या धातूपायी. स्कॉटलंडच्या सायबांनी खाण काढली, लुटायचं ते लुटलं आणि गेले. मागं ठेवलं काय, तर स्वतःचं नाव, पोखरलेली जमीन आणि मशक. कातडी पिशवीत फुंकून काखेत दाबायचं वाद्य. खाणीत माणूस अडकला की खाणीच्या तोंडाशी मशक वाजवायची, आणि ती वाजते तोवर पाणी उपसणारा पंप बंद करायचा नाही. ही रीत सायबांनीसुद्धा कधी मोडली नव्हती.

आता खाणीत कोसळलेल्या दरडीखाली तानुबाईचा लेक गोकुळ होता. सकाळी खालून लोखंड ठोकल्याचा आवाज आला होता, मग तोही थांबला. वर म्हातारे बद्रुद्दीनचाचा फुंकत होते. दुसरं वाजवणारं शहरात उरलंच नव्हतं; पोरं केव्हाच दौंडला रेल्वेत लागली.

चाचांना ढास लागली. मशक मरत्या बकरीगत केकाटली आणि बसली. तानुबाईनं ती हिसकून घेतली.

"आत्या, बाया वाजवत न्हाईत," सून सुवर्णा म्हणाली.

"बायांनी पोरं जन्माला घालायची, आन् वर काढायची कुणी? तुझ्या बापानं?"

तिनं फुंकलं. नुसतंच फुस्स.

"म्हातारी चूल फुंकतीया!" मागून कुणी हसलं.

"फुंकते, मुडद्या. तुझ्या सरणाला लागंल इस्तू."

मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. आणि सूर निघाला. घोगरा, वाकडा, पण निघाला.

आता खाण चालवणाऱ्या नव्या कंपनीचा साहेब पंपाच्या खटक्यापासून तिच्याजवळ आला. "आजी, खाण बंद करायचं वरून ठरलंय. चाचा वाजवत होते, मधेच कसं थांबवायचं म्हणून थांबलो होतो. आता चाचा थांबलेत, पंप बंद करू ना?"

तानुबाईला शिव्यांची रास ओतायची होती. सात पिढ्या उकरून काढल्या असत्या तिनं त्याच्या. पण बोलायचं तर तोंडातली नळी काढायची, आणि नळी काढली की सूर तुटणार. डोळे फाडून तिनं नुसती मान हलवली. फुंकताना ती तशीही हलतच होती.

"आत्या, बोला की!" सुवर्णा किंचाळली. "सायेब, त्या न्हाई म्हणत्यात!"

"त्या काहीच म्हणाल्या नाहीत," साहेब म्हणाला, पंपाकडं परतला आणि त्यानं खटका ओढला.

पंपाची घरघर विझली. खाणीच्या तोंडातून पाणी चढल्याचा आवाज येऊ लागला. तानुबाई फुंकतच राहिली.