डुक्कर-हवालदाराची निवडणूक

ऑर्विल थर्लोने मला पोस्टात गाठलं, तेव्हा माझी बायको हेस्टर शेजारीच पाकिटांना तिकिटं लावत उभी होती.

"काय रे एमरी, पेपरातल्या तुझ्या त्या सदरावर तुझी बायको तरी हसते का?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं.

मला उत्तरं सुचतात ती दुसऱ्या दिवशी, घरी, टाइपरायटरसमोर. पोस्टातले लोक मात्र हसले. थर्लो आमच्या हार्लो फॉल्सच्या पंचांचा प्रमुख होता आणि तो बोलला की हसायचं, ही गावाची जुनी शिस्त होती.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "हसतेस ना तू?"

"कधी कधी," हेस्टर म्हणाली. "रस्त्याकडे बघ."

थर्लोचा राग आदल्या आठवड्याच्या सदरावर होता. संध्याकाळ झाली की गाई जशा न सांगता गोठ्याकडे वळतात, तशी रस्त्यांवरचा बर्फ काढायची गावची गाडी न सांगता थर्लोचं अंगण साफ करायला त्याच्या फाटकाकडे वळते, असं मी लिहिलं होतं. ते कुणालाच खोटं वाटलं नाही, हीच अडचण झाली.

पोस्टावर भागलं नाही म्हणून तो 'हार्लो रजिस्टर'च्या कचेरीत गेला. दुसऱ्या दिवशी संपादिका विनी केस्लरने मला बोलावून घेतलं.

"एमरी, तुझं सदर चालू राहिलं तर तो गावच्या नोटिसा शेजारच्या गावातल्या पेपरला देणार. नोटिसांचे पैसे गेले की मी दुकान बंद करायचं. एक शेवटचं लिही. निरोपाचं. त्यात थर्लोचं नाव नको."

"नाही येणार."

"त्याच्या कुत्र्याचंही नको. टोपीचंही नको."

मी आयुष्यभर शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारले. समोरासमोर मला कुणाशी धड बोलता आलं नाही. गावात मला जो काही आवाज होता, तो दर गुरुवारच्या त्या दीड रकान्यात होता. तो थर्लोने काढून घेतला होता. मला तो परत हवा होता आणि त्याआधी मला थर्लोवर सूड हवा होता.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमची गावसभा भरते. हात वर करून रस्ते, शाळा, स्मशान सगळं ठरतं. कोपऱ्यात मतपेटी दिवसभर उघडी असते, पंच तिच्यातून निवडले जातात. त्या वर्षी थर्लोची जागा मतदानाला होती. त्याच सभेत डुक्कर-हवालदारही निवडतात. मोकाट डुकरं पकडणं हे त्याचं काम. गावात मोकाट डुक्कर माझ्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं. पण वर्षभरात ज्याचं लग्न झालं त्याच्या गळ्यात ते पद घालायचं, त्याने उभं राहून डुकरासारखं एकदा गुरगुरायचं आणि बायकांच्या मंडळाकडून एक अख्खा 'पाय' घ्यायचा, म्हणजे सफरचंदाचं नाहीतर भोपळ्याचं सारण भरून भाजलेली गोड पोळी, अशी रीत आहे.

थर्लोने ऑक्टोबरात लग्न केलं होतं. साठीनंतर, बॉस्टनच्या एका विधवेशी. त्याचं नाव सुचवायची गावात कुणाची छाती नव्हती.

मी निरोपाचं सदर डुक्कर-हवालदारावर लिहिलं. तीनदा फाडलं. चौथ्यांदाही ते बरं वाटलं नाही, पण तेच दिलं. शेवट असा होता: 'यंदा हे पद रिकामं राहणार असं दिसतं. वर्षभरात गावात कुणाचं लग्न झाल्याचं आठवत नाही. झालंच असेल, तर नवरदेव इतका थोर असावा की त्याच्या लग्नाला लग्न म्हणायची आपली प्राज्ञा नाही.'

विनीने ते पेन्सिल चावत वाचलं. "नाव नाहीये," ती म्हणाली.

"नाहीच."

"छापते. देव मला क्षमा करो."

सभेत अध्यक्ष पेलेटिए यांनी कलम वाचलं. "डुक्कर-हवालदार. नावं सुचवा."

सभेत विणत बसलेल्या बायकांच्या सुया थांबल्या. थर्लो व्यासपीठावर कागद चाळत होता. मी बुटांकडे बघत बसलो. कुणीच उठणार नाही, याची मला खात्री पटत चालली होती.

तेवढ्यात मधल्या रांगेतून नवी मिसेस थर्लो, लोरेन, उठली.

"अध्यक्षमहाराज, मी माझ्या नवऱ्याचं नाव सुचवते. आमचं लग्न ऑक्टोबरात झालं. पेपरात वाचलं, कुणाला आठवत नाही म्हणून. मला आठवतंय."

सभागृह हसलं, आणि ते हसणं चांगलं होतं, मायेचं होतं. चारही बाजूंनी अनुमोदन आलं. आता थर्लोने नुसतं उठून गुरगुरायचं होतं. गावाने त्याला सगळा बर्फ माफ केला असता. तो गुरगुरला असता तर माझा सूड तिथेच मेला असता.

थर्लो उठला. त्याची मान लाल झाली होती.

"हा गावाचा कारभार आहे, तमाशा नाही," तो म्हणाला. "लोरेन, खाली बस."

हसू बंद झालं. लोरेन खाली बसली. मागून म्हाताऱ्या बेसी टटलचा आवाज आला, "अगं, तू कशाला बसतेस? आज त्यालाच बसवू की."

जेवणाच्या सुट्टीत लोक हातात घेवड्याच्या ताटल्या घेऊनच मतपेटीपुढे रांगेत उभे राहिले. संध्याकाळी निकाल लागला. थर्लोविरुद्ध उभा राहिलेला, दुधाची गाडी चालवणारा क्लेटन मार्श पंच म्हणून निवडून आला, आणि थर्लो कोट न घालताच बाहेर पडला. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

लोरेन त्याच्यामागून गेली नाही. ती आमच्या टेबलापाशी आली.

"ते सदर तुमचंच ना?"

"बाई, मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. तुम्हाला वाटलं असेल की खरंच कुणाला..."

"मला वाचता येतं, मिस्टर एमरी. न लिहिलेलं नावसुद्धा वाचता येतं." तिने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "ते 'खाली बस' मी ऑक्टोबरपासून रोज ऐकतेय. आज पहिल्यांदा साक्षीदार मिळाले. पुढच्या गुरुवारी लिहा. 'खाली बस'सकट लिहा."

"तुम्हाला त्रास होईल."

"तो मी बघेन. तुम्ही लिहिणार की नाही?"

हेस्टरने खुर्ची ओढून तिला बसायला दिली. मी विनीला शोधायला उठलो. ती कॉफीच्या भांड्यापाशी होती.

"नोटिसा आता थर्लोच्या हातात नाहीत," ती आपणहून म्हणाली. "नेहमीची जागा ठेवू?"

"नको," मी म्हणालो. "पहिलं पान दे. त्याचं नाव मथळ्यात घालणार आहे."