बाराशेवी सही

मी एक जुनी मतपेटी आहे. मित्रांनो, लोकशाहीचा प्राण माझ्या पोटात वसतो. गेली अकरा वर्षं तिथे झुरळंही वसतात.

अर्जेंटिनातल्या एका नदीकाठच्या गावी, स्पेनहून आलेल्या लोकांच्या क्लबात माझा जन्म झाला. गालिसिया प्रांताच्या एका सुताराने दारूच्या खोक्यातून मला घडवलं आणि कुलूप लावलं. ते पाहून आस्तुरिया प्रांताच्या मंडळींनी दुसऱ्या दिवशी आपलंही एक कुलूप ठोकलं. दोन्ही किल्ल्या एकत्र आल्याखेरीज मी उघडत नसे, आणि किल्लीवाले एका खोलीत बसत नसत. एकदा निकाल नऊ महिने माझ्या पोटात राहिला. मतदानाच्या दिवशी मात्र मला ऑलिव्ह तेलाने चकाकवत आणि माझ्यावर भाषणं करत. पुढे मतभेद इतके वाढले की मतदानच बंद पडलं, आणि मी माळ्यावर गेले.

यंदा क्लबाचा चिटणीस एलादियो याने मला खाली काढलं. तो गालिसियाचा. त्याची बायको रेमेदियोस नव्वदीची, पाय सुजलेले. स्पेनचं पेन्शन चालू राहावं म्हणून तिला दरवर्षी अकरा तास बसने वकिलातीत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागे. गेल्या वर्षी ती वाटेतच बेशुद्ध पडली. बाराशे स्पॅनिश नागरिकांनी शुक्रवारपर्यंत सह्या दिल्या, तर त्यांना सात जणांची परिषद निवडता येणार होती. परिषदेने मागणी केल्यावर वकिलातीचा साहेब इथे येऊन दाखले देणार होता.

एलादियोने अकराशे नव्व्याण्णव सह्या जमवल्या. उरली होती दोन्या, म्हणजे बाईसाहेब, ऑलिव्हा; आस्तुरियाची, बेकरीवाली. शुक्रवारी ती क्लबात आली, पण तिने पेन उचललं नाही.

"वर काय लिहिलंयस ते वाच."

"गायेगोंची यादी."

गायेगो म्हणजे गालिसियाचा माणूस. पण इथे स्पेनहून उतरलेल्या प्रत्येकाला गायेगोच म्हणतात, आणि विनोदातला मूर्खही गायेगोच असतो.

"सगळं गाव तसंच म्हणतं, दोन्या ऑलिव्हा," एलादियो म्हणाला.

"सगळं गाव मला लठ्ठही म्हणतं. तेही लिहिणार आहेस?"

"रेमेदियोसकडे बघून तरी सही करा."

"तिच्यावर माझा राग नाही. तिने तुझ्याशी लग्न केलं, तेवढी शिक्षा पुरे झाली."

मग तिने पेन उचललं, 'गायेगोंची' हा शब्द खोडला, 'स्पॅनिश लोकांची' असं लिहिलं, आणि खाली सही केली. बाराशे. एलादियोने डोळे पुसले. माझ्या फटीतली धूळही त्याने फुंकली. मित्रांनो, मी पुन्हा कामाला लागणार होते.

तेवढ्यात कोपऱ्यात पत्ते खेळणारा गोर्का उठला. तो बास्क, म्हणजे पासपोर्ट स्पेनचा, पण स्वतःला स्पॅनिश म्हणवून न घेणारा. त्याने यादीचा मथळा दोनदा वाचला.

"एलादियो, माझं नाव काढ."

"का रे? गायेगो लिहिलं होतं तेव्हा तर मुकाट्याने सही केलीस."

"ती थट्टा होती. थट्टेखाली सही करता येते. हे तर खरंच लिहिलंय."

त्याच्यामागोमाग दहा बास्क उठले आणि शांतपणे आपापली नावं खोडून पुन्हा पत्ते खेळायला बसले. अकराशे एकोणनव्वद.

"मग पुन्हा गायेगो लिहितो," एलादियो म्हणाला.

"लिही की," ऑलिव्हा म्हणाली. "मग माझीच सही खोडते. तरी तुझे अकराशे नव्व्याण्णव."

सहा वाजता मुदत संपली. परिषद झाली नाही.

सोमवारी एलादियोने रेमेदियोसला बसमध्ये बसवलं. मागच्या बाकावर ऑलिव्हा होती, कारण तिलाही जिवंत असल्याचं दाखवायचं होतं. अकरा तास एलादियो आणि ती एकमेकांशी बोलली नाहीत. वकिलातीतल्या साहेबाने रेमेदियोसच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. पुढच्या वर्षी पुन्हा या, म्हणाला.

मीही गेले होते. बसमध्ये सुजलेले पाय टेकायला काही नसतं, म्हणून एलादियोने मला सोबत घेतलं. आता दरवर्षी माझं हेच काम.

मित्रांनो, लोकशाही जपा, एकी करा, असं मी सांगणार नाही. फक्त माझ्यावर पाय ठेवण्याआधी बूट तेवढे काढा.