गालावरचे तीन खळगे

माझ्या धाकट्या नणंदेचं, विमलाचं, लग्न झालं ते १९५७ साल, मार्गशीर्ष महिना. मांडव अजून उतरला नव्हता, आणि यांनी त्याच्याच सुक्या झावळ्या ओढून भट्टीत घालायला सुरुवात केली.

"अवो, मांडवपरतणी जावक नाय अजून!" मी ओरडले.

"देवीचा काम आसा. तू भातो ओढ."

यांचं नाव तोंडाने मी कधी घेतलं नाही, लिहायला हरकत नाही: गंगाराम. धामापूरच्या अलीकडे आमचं ओताऱ्याचं घर. गावच्या देवीचा मुखवटा तडकला होता, माघातल्या जत्रेला नवा हवा होता. घरोघरच्या बायकांनी मोडकी काशाची भांडी आणून दिली होती. हे आधी मेणाचा मुखवटा करायचे, त्यावर वारुळाच्या मातीचे लेप द्यायचे. माती तापवली की मेण वाहून जायचं, त्या पोकळीत कासं ओतायचं. काम संपेपर्यंत एकवेळ जेवण. डोळे मात्र कोरायचे नाहीत. देवीने कौल दिला की देवळात बसून कोरायचे.

साचा फोडला, तर उजव्या गालावर तीन खळगे.

"मातयेक सुकाक तरी दिया," मी म्हटलं.

यांना दम कुठला? घण घालून मुखवटा मोडला, परत वितळवला. दुसऱ्यांदा साचा उन्हात ठेवला, पण जेवता जेवता उठून त्याला हात लावून बघायचे. सहाव्या दिवशी ओतलंच. पुन्हा खळगे, त्याच गालावर. तिसऱ्यांदाही तेच.

गावचे मानकरी हरिश्चंद्र अंगणात येऊन उभे राहिले. "काय रे गंगाराम, देवीचो मुखवटो करतंस काय शिमग्याचा सोंग? जत्रा तोंडार इली. खळग्यांत लाख भर नि वरसून कुंकू फास. कोण बघता?"

"ती बघता," हे म्हणाले.

मानकरी गेले. हे भट्टीच्या कडेला बसले, पुन्हा उठले, पुन्हा बसले. "माझ्यातच खोट आसा. सत्यवती गेल्यापासून हात जोडतंय, पण मनातसून नाय. म्हणान देवी माझ्या हातात येना नाय."

सत्यवती आमची मुलगी, चार वर्षांची. दोन वर्षांपूर्वी अंगावर देवी आल्या. देवी घरी आली म्हणून आम्ही दारात कडुलिंब बांधला, फोडणी दिली नाही, मोठ्याने बोललो नाही. नवव्या दिवशी ती गेली.

यांनी घण उचलला. माझा हात भात्यावरून सुटला.

"मोडू नकात. खोट तुमची नाय. मी सत्यवतीचे वाळे मुशीत टाकलंय. पयल्याच वक्ताक."

"मेल्या पोराची वस्तू? देवीच्या तोंडात?"

"तिना माझा चेडू व्हरल्यान. माका वाटला, कुंकू लावताना तरी चेडवाच्या गालाक माझो हात लागांदे."

घण तसाच हातात. मग यांनी तो खाली ठेवला, मुखवटा उचलला आणि अंगठ्याने एकेक खळगा चाचपला. किती वेळ, देव जाणे. मग विहिरीवर गेले, अंगावर पाणी घेतलं, मुखवटा ओल्या पंच्यात गुंडाळला.

देवळात मानकऱ्यांसमोर गुरवाने देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांनी कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं गुरवाने घालायचं, पण हेच बोलले.

"चेडवाचे वाळे तुझ्यात मिसाळले. चलत असात तर सांग. नाय तर आजपासून मी मूस तापवूचंय नाय."

कळ्या हलेनात. हे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले. मी खांबाला धरून उभी होते. मग उजवी पडली.

यांनी तिथेच मांडी घातली, छिन्नी घेतली, डोळे कोरले. "आणि खळगे?" मानकऱ्यांनी विचारलं.

"ऱ्हवांदेत."

दर जत्रेला पालखी आमच्या अंगणात यायची. मी ओटी भरायची, कुंकू लावताना गालावरून बोट फिरवायची. हे मात्र पुढे येत नसत. भट्टीपाशी येरझाऱ्या घालायचे, आणि पालखी गेली की विचारायचे, "तीनच आसत मां? वाढाक नाय?"

"तीनच," मी सांगायची.

एका वर्षी पालखी आमच्या अंगणात आली नाही. घरात सुतक होतं. मी कुंपणाआडून ती जाताना पाहिली. माझे यजमान गंगाराम ओतारी १९६६ च्या माघात वारले, जत्रेला चार दिवस असताना.