दिव्याभोवतीचं कडं

घंटी. तीन ठोके. म्हणजे खाली खाणीत पिंजऱ्यात माणसं चढली.

पिंजरा कुठवर आला ते दाखवणाऱ्या डायलची काच धर्मेंद्रनं गळ्यातल्या दुपट्ट्यानं पुसली. काच स्वच्छच होती. वरच्या बल्बभोवती मात्र इंद्रधनुष्याचं कडं. सकाळी ते नव्हतं.

(नागपूरच्या डॉक्टर मॅडम: "बुबुळ शंकूसारखं पुढं आलंय, चष्मा चालणार नाही. ही मोठी लेन्स. वाटीसारखी, सलाइन भरून बसवायची. पण तिच्याखाली बुबुळाला हवा कमी पोचते. मधे मधे काढा. नाहीतर त्यात पाणी भरतं, ते सुजतं. धुकं दिसलं, दिव्याभोवती रंग दिसले, की लगेच काढायची. विचार करत बसायचं नाही.")

धर्मेंद्र विचार करत बसला होता.

लेन्स रात्रपाळीच्या आधी चढवलेल्या. सकाळचा माणूस आलाच नाही, साहेब म्हणाले थांब, आणि आता दुपार. काढाव्या तर हातभरावरचं दिसत नाही. परत घालायला आरसा, सलाइन, धुतलेले हात, आणि बघणारे लोक. खाणीत कोणालाच ठाऊक नव्हतं. डोळे तपासणीची अक्षरं तो लेन्स घालूनच वाचायचा. माणसं वरखाली करणाऱ्या यंत्रावर असल्या डोळ्यांचा माणूस कोण ठेवील?

दारात दुपारपाळीला हेच यंत्र चालवणारा योगेंद्र सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसलेला.

"काच घासून घासून पातळ करतं का बे? नवरीचं तोंड हाय का ते?"

"धूळ बसली, भाऊ."

"धूळ तुह्या डोळ्यात हाय. ऊठ, घरी जाऊन झोप."

"हा एक फेरा करतो. मामाजी हायेत यात."

मामाजी म्हणजे सासरा, सोमाजी. गावभर सांगत फिरायचा, आमचा जवाई पिंजरा असा टेकवते, जसा डोक्यावरचा पाण्याचा भरला गुंड उतरवावा.

एक ठोका. वर.

यंत्र फिरलं. दोर ताणला. काटा चढू लागला, चढला, आणि अर्ध्यावर

त्याचे दोन झाले.

मग दोन्ही पुसट. खूण कुठली, काटा कुठला. खुणेवर वेग कमी करायचा असतो. चुकला तर पिंजरा वर जाऊन आदळतो.

अंदाजानं नेता आलं असतं. इतकी वर्षं हात तेच करत आलेत.

हात.

त्यानं ब्रेक ओढला.

पिंजरा मधेच, काळोखात लटकलेला. खालून घंटी वाजली. थांबून पुन्हा वाजली.

"योगेंद्रभाऊ."

"काय?"

"मले काटा दिसून नाही राहिला."

योगेंद्र हसला. हसू अर्ध्यातच राहिलं. "कायले मस्करी करतं?"

"मस्करी नाही. डोळ्यात लेन्स हायेत. कवाच्याच. तुमी बसा इथं. आधी त्यायले वर घ्या, मंग मले काय बोलायचं ते बोला."

खुर्ची सरकली. योगेंद्र बसला. त्यानं खर्रा खिशात टाकला आणि ब्रेकचा दांडा धरला.

कोपऱ्यात जाऊन त्यानं बाटलीच्या पाण्यानं हात धुतले. खिशातली लेन्स काढायची चिमुकली रबरी दांडी लेन्सला चिकटवून ओढली. एक. दुसरी. डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग झाली. धुकं गेलं नाही. ते लेन्समध्ये नव्हतंच, डोळ्यात होतं.

यंत्र फिरलं. फिरत राहिलं. थांबलं.

जाळी उघडल्याचा आवाज. बूट. कोणीतरी समोर येऊन उभं राहिलं, नुसता काळा खांब. खांब खोकला, तेव्हा ओळखू आला.

"जवाई, मधात काहून टांगलं आमाले?"

धर्मेंद्रनं ओला तळहात पुढं केला. त्यात दोन पारदर्शक वाट्या.

सोमाजीनं वाकून त्या बघितल्या.

"यायच्याबिना दिसत नाही मले. साहेबाले सांगावं लागन, मामाजी."

"सांगू." सोमाजीनं त्याचा दंड धरला. "पायरी हाय. पाय उचला."